यंत्राला हिशेब सांगताना

संगणकाला गणित फार चांगले येते, असा आपल्याकडे एक सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाही. संगणकाला आकडेमोड येते. गणित आपल्याला यावे लागते. या दोहोंत अंतर किती, हे मला एका मुलीच्या वडिलांनी दाखवून दिले. ती हकिकत आधी सांगतो आणि मग मुख्य विषयाकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी मी शिकवत होतो त्या महाविद्यालयात एका शिष्यवृत्तीची यादी करायची होती. तीन परीक्षांच्या टक्केवारीची सरासरी साठ किंवा त्याहून अधिक असेल, त्या विद्यार्थ्याचे नाव यादीत घ्यायचे, असा नियम. मुले पुष्कळ आणि वेळ थोडा, म्हणून मी संगणकासाठी एक लहानशी आज्ञावली लिहिली. आज्ञावली म्हणजे यंत्राने कोणते काम कोणत्या क्रमाने करायचे, त्याच्या लेखी सूचना. यंत्राने क्षणात यादी काढून दिली आणि ती फलकावर लागली.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ मला शोधत आले. हातात विजेच्या बिलाचा पाठकोरा कागद, त्यावर पेन्सिलीने केलेला हिशेब. म्हणाले, "सर, मी सातवी शिकलेला माणूस. माझं चुकत असेल तर सांगा. पोरीला दीडशेपैकी एकदा ९१, एकदा ८९ आणि पुन्हा ९१ मार्क पडले. झाले २७१. एकंदर मार्क साडेचारशे. साडेचारशेचे साठ टक्के म्हणजे २७०. एक मार्क जास्तच आहे की! मग नाव का नाही?"

मी यंत्रावर पाहिले. तेथे मुलीच्या नावापुढे ५९ हा आकडा होता. यंत्र बिघडलेले नव्हते. मी जे सांगितले तेच त्याने केले होते. मग चूक कोठे होती? ती होती भागाकाराच्या एका चिन्हात. त्या जागी पोहोचण्यासाठी आपल्याला आधी ही चिन्हे ओळखून घ्यावी लागतील. कागदपेन्सिल जवळ घ्या, म्हणजे बरे.

संगणकाला सूचना देण्याच्या अनेक भाषा आहेत. आपण उदाहरणादाखल पायथन ही भाषा घेऊ. खिदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ती तयार केली आणि १९९१ साली ती प्रथम लोकांपुढे आली. आज शाळा-महाविद्यालयांतून ती पुष्कळ ठिकाणी शिकवतात. या भाषेत अंकगणिताची मुख्य चिन्हे सात आहेत. बेरजेला + आणि वजाबाकीला -, ही आपली नेहमीचीच. गुणाकाराला मात्र फुली नाही, तारका आहे: *. दोन तारका जोडून काढल्या,  अशा, की घात होतो. म्हणजे ५  २ हा पाचाचा वर्ग. भागाकाराला एक तिरकी रेघ /. दोन तिरक्या रेघा // म्हणजे केवळ पूर्णांकात केलेला भागाकार. आणि शेवटचे % हे चिन्ह. हे पाहून टक्के आठवतील, पण येथे त्याचा टक्क्यांशी काही संबंध नाही. भागाकारानंतर उरलेली बाकी काढण्याचे ते चिन्ह आहे.

गुणाकाराची फुली का टाकली? विल्यम ऑट्रेड या इंग्रज गणितज्ञाने १६३१ च्या आपल्या ग्रंथात ती फुली वापरली आणि पुढे ती सर्वत्र गेली. परंतु ती एक्स या इंग्रजी अक्षरासारखी दिसते, आणि आरंभीच्या यंत्रांच्या कळफलकावर तिला वेगळी जागाही नव्हती. तारका होती. १९५७ साली आलेल्या फोरट्रान या भाषेने गुणाकाराला एक तारका आणि घाताला दोन तारका वापरल्या, आणि तीच वहिवाट पायथनपर्यंत आली.

आपल्या भास्कराचार्यांनी ११५० सालच्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत आठ परिकर्मे सांगितली आहेत: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन आणि घनमूळ. यांपैकी शेवटची चारही घाताच्या एका चिन्हात मावतात. वर्ग म्हणजे दोनाचा घात, घन म्हणजे तिनाचा घात. वर्गमूळ म्हणजे अर्ध्याचा घात आणि घनमूळ म्हणजे एकतृतीयांशाचा. यंत्राला ९  ०.५ दिले, तर ते ३.० असे उत्तर देते.

आणखी एका चिन्हाबद्दल दोन शब्द. = हे चिन्ह वर्गात आपण 'बरोबर' असे वाचतो. पायथनमध्ये पुढील ओळ अगदी बिनचूक समजली जाते:

शिल्लक = शिल्लक + ५०

गणिताच्या शिक्षकाला ही ओळ पाहून धक्काच बसेल. शिल्लक स्वतःपेक्षा पन्नासाने मोठी कशी असेल? पण येथे त्या चिन्हाचा अर्थ 'बरोबर' असा नसून 'ठेव' असा आहे. उजवीकडचा हिशेब आधी कर आणि आलेले उत्तर डावीकडच्या नावाखाली ठेव. पासबुकात जुनी शिल्लक अधिक जमा रक्कम करून नवी शिल्लक मांडतात, तसेच हे. जाता जाता सांगतो, पायथनमध्ये 'शिल्लक' असे नाव मराठीत लिहिलेले चालते. हिशेबातले अंक मात्र इंग्रजी वळणाचेच लिहावे लागतात. येथे छापताना मी ते तुमच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत.

आता क्रमाकडे वळू. एका ओळीत अनेक चिन्हे आली, तर आधी कोणते सोडवायचे? समजा, तुम्ही पतपेढीत हजार रुपये ठेवले. दर साल दर शेकडा आठ, चक्रवाढ, मुदत पाच वर्षे. हा हिशेब असा लिहितात:

१००० * (१ + ८ / १००)  ५

उत्तर येते १४६९ रुपये ३३ पैसे. आता घाईत कंस लिहायचा राहिला असे समजा. मग यंत्र प्रथम शंभराचा पाचवा घात करील, म्हणजे एकावर दहा शून्ये. आठाला त्या प्रचंड संख्येने भागील. हजाराला एकाने गुणील आणि दोन्हींची बेरीज करील. उत्तर हजार रुपये आणि वर नावापुरता एक कण. पाच वर्षांचे व्याज एका कंसापायी गेले! यंत्र मात्र 'चुकले' असे म्हणणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेले नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा पुढचा भाग खास तुमच्यासाठी आहे. आपल्या शाळांतून 'कंचेभागुबेव' हा मंत्र मुले घोकतात. आधी कंस, मग 'चे', मग भागाकार, गुणाकार, बेरीज आणि शेवटी वजाबाकी. मंत्र उपयोगी आहे, पण यंत्रापुढे बसताना त्यात तीन ठिकाणी सावध राहावे लागते.

पहिले ठिकाण 'चे'. ४० भागिले पावचे ८० हे उदाहरण घ्या. मंत्राप्रमाणे ८० चे पाव म्हणजे २० आधी काढायचे. मग ४० भागिले २०, उत्तर २. यंत्राला 'चे' हा शब्दच ठाऊक नाही. त्याऐवजी तारका घालून ४० / १ / ४ * ८० असे लिहिलेत, तर ते डावीकडून उजवीकडे चालत जाऊन ८०० असे उत्तर देईल. कोठे दोन आणि कोठे आठशे! म्हणून जेथे 'चे' असेल तेथे कंस घाला: ४० / (१ / ४ * ८०).

दुसरे ठिकाण 'बेव'. १० - ३ + २ याचे उत्तर किती? बेरीज आधी, असे ज्याने घोकले आहे तो मुलगा ३ आणि २ मिळवून पाच करतो, ते दहातून वजा करतो आणि ५ असे सांगतो. यंत्र ९ सांगते, आणि यंत्राचे बरोबर आहे. हा नियम यंत्राने नवा काढलेला नाही, गणितातला मूळचाच आहे. बेरीज आणि वजाबाकी यांचा मान सारखा. जे डावीकडे आधी येईल ते आधी. तुमच्या वर्गात हे एकच उदाहरण फळ्यावर घालून पाहा. किती जण पाच म्हणतात ते कळेल.

तिसरे ठिकाण 'भागु'. भागाकार आणि गुणाकार यांचाही मान सारखाच. साध्या भागाकारात मंत्राप्रमाणे भागाकार आधी केला तरी उत्तरात फरक पडत नाही, म्हणून ही गोष्ट ध्यानात येत नाही. पूर्णांकी भागाकारात मात्र ती उघडी पडते. ७ * ३ // २ हे यंत्र २१ // २ करून १० असे सांगते. भागाकार आधी केला असता, तर ३ // २ म्हणजे १ आणि सात एके सात.

घाताची चाल तेवढी उलटी आहे, उजवीकडून डावीकडे. २  ३  २ म्हणजे दोनाचा नववा घात, ५१२. आठाचा वर्ग ६४ नव्हे. तसेच -३  २ चे उत्तर -९ येते, कारण आधी वर्ग आणि मग ऋण चिन्ह. हे सारे पाठ करीत बसू नका. मनात शंका आली की कंस घालावा. कंसाला पैसे पडत नाहीत.

आता त्या मुलीकडे येऊ. मी आज्ञावली लिहिली होती ती सी नावाच्या भाषेत. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती तयार केली. या भाषेत दोन पूर्णांकांचा भागाकार केला, की उत्तरही पूर्णांकच मिळते. अपूर्णांक कापून टाकला जातो. मला हा नियम माहीत होता, मुलांना मी तो शिकवीतही होतो. लिहिताना विसरलो.

पाहा काय झाले. ९१ गुणिले १००, भागिले १५०, म्हणजे ६०.६६, यंत्राने धरले ६०. दुसऱ्या परीक्षेचे ५९.३३, धरले ५९. तिसऱ्या परीक्षेचे पुन्हा ६०. बेरीज १७९. तिला तिनाने भागून ५९.६६, धरले ५९. चार वेळा थोडे थोडे कापले गेले आणि मुलगी साठाच्या खाली आली. तिच्या वडिलांनी काय केले होते? त्यांनी आधी सगळे मार्क मिळवले आणि भागाकाराच्या वाटेला ते गेलेच नाहीत. मी तशीच आधी बेरीज करून, शंभराने गुणून, शेवटी एकदाच ४५० ने भागले असते, तर त्याच भाषेत, तितकेच कापूनही, उत्तर ६० आले असते. तेव्हा नियम असा ध्यानात ठेवा: पूर्णांकांचा हिशेब असेल, तर भागाकार होईल तितका उशिरा करावा. याचे आणखी ढळढळीत उदाहरण हवे असेल, तर सी भाषेत ४७९ / ६०० * १०० लिहून पाहा. सहाशेपैकी ४७९ गुण मिळवलेल्या मुलाला यंत्र शून्य टक्के देते! ४७९ * १०० / ६०० लिहिले, तर ७९.

यादी दुरुस्त केली तेव्हा त्या मुलीबरोबर आणखी दोघांची नावे वर आली. त्या दोघांच्या घरून कोणी विचारायला आले नव्हते. ही गोष्ट मी अजून विसरलो नाही.

पायथन भाषेतही पूर्वी भागाकाराची हीच रीत होती. अशा चुका फार होतात हे पाहून डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत दोन अर्थांची दोन चिन्हे कायमची वेगळी केली. ५ / २ म्हणजे २.५ आणि ५ // २ म्हणजे २. सहा भागिले दोन केले, तरी एका रेघेचा भागाकार ३.० असे उत्तर देतो. दोन रेघांचा भागाकार आणि बाकी ही जोडी मात्र मोठी कामाची. १३७ पोती आहेत आणि ट्रॉलीत ४० मावतात. १३७ // ४० म्हणजे ३ भरलेल्या खेपा आणि १३७ % ४० म्हणजे उरलेली १७ पोती. त्या सतरा पोत्यांसाठी चौथी खेप करावी लागेल, हे मात्र तुम्हालाच सुचले पाहिजे.

वारांचा हिशेबही बाकीनेच होतो. रविवारला शून्य, सोमवारला एक, असे शनिवारला सहापर्यंत आकडे द्या. आज सोमवार आहे, तर दहा दिवसांपूर्वी कोणता वार होता? (१ - १०) % ७. पायथन उत्तर देते ५, म्हणजे शुक्रवार. बोटांवर मोजून पाहा, बरोबर आहे. हाच हिशेब सी भाषेत केला, तर उत्तर येते -२, आणि -२ नावाचा वार कोणत्याही पंचांगात सापडायचा नाही. ऋण संख्येला भागताना पायथन खालच्या पूर्णांकाकडे जाते, सी शून्याकडे जाते. त्यामुळे दोघांची बाकी निराळी येते. चिन्ह तेच, पण अर्थ भाषेगणिक बदलतो. म्हणून नव्या भाषेत बसताना पहिल्या दिवशी ऋण संख्येची बाकी काढून पाहावी.

शेवटचा मुद्दा अपूर्णांकांचा. पायथनला ०.१ + ०.२ विचारा. उत्तर येते ०.३०००००००००००००००४. ही बेरीज ०.३ इतकी आहे का, असे विचारले, तर यंत्र 'नाही' म्हणते! याचे कारण आपल्या वडीलधाऱ्यांना चटकन समजेल. संगणक सारे आकडे दोनाच्या पटीत आणि निम्म्यानिम्म्यात ठेवतो: अर्धा, पाव, अर्धपाव, त्याचे निम्मे, असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे जुन्या शाळेतले पाढे आठवा. यांतले पाव, निम, पाऊण, सवा, दीड, अडीच हे सारे आकडे यंत्र बिनचूक ठेवते. जुन्या रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. तो आणा आणि तो पैसाही यंत्राला बिनचूक ठेवता येईल, कारण सोळा आणि चौसष्ट हे दुपटीदुपटीने येणारे आकडे आहेत. अडेल ती एक पै, कारण आण्याच्या बारा पै आणि बारात तीन दडलेले आहेत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आपला हिशेब सोपा झाला, पण रुपयाचा शंभरावा किंवा दहावा भाग निम्म्यानिम्म्याने कापत कधीच पुरा होत नाही. आपण एकतृतीयांश ०.३३३ असे लिहीत जातो आणि ते संपत नाही, तसेच ते आहे. कोठे तरी थांबावे लागते आणि तेथे कणभर चूक राहते. म्हणूनच ६४  (१ / ३) चे उत्तर चार न येता चाराला कणभर कमी येते.

कणभरच ना, असे कोणी म्हणेल. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातल्या धाहरान येथे अमेरिकी सैन्याची पेट्रियट ही क्षेपणास्त्र अडवणारी यंत्रणा सज्ज होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत असे, आणि सेकंद काढण्यासाठी त्या मोजणीला एकदशांशाने गुणले जाई. तो एकदशांश चोवीस घरांत बसवताना कणभर कापला गेला होता. यंत्रणा सुमारे शंभर तास न थांबता चालू होती. कणाकणाने साचून चूक सेकंदाच्या एकतृतीयांशाएवढी झाली. येणारे स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. यंत्रणेने भलत्याच जागी पाहिले, तेथे काही दिसले नाही, आणि क्षेपणास्त्र सैनिकांच्या निवाऱ्यावर पडले. २८ सैनिक गेले. आधार झाला होता तो केवळ एका गुणाकाराचा.

आपल्या गावच्या हिशेबाला यातून घेण्यासारखे आहे ते इतकेच: पैशांचा हिशेब यंत्राला सांगताना रुपयांत सांगू नका, पैशांत सांगा. साडेबारा रुपये म्हणजे १२५० पैसे. पूर्णांकांच्या बेरजेत, वजाबाकीत आणि गुणाकारात पायथन कणभरही चुकत नाही, आकडा कितीही मोठा असो. रुपयांत रूपांतर शेवटी, पावती छापताना करावे.

श्रोतेहो, आज शाळांतून, सोसायट्यांतून, दूध संकलन केंद्रांतून हिशेब यंत्रावर होऊ लागला आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पण यंत्राने छापलेला आकडा म्हणजे शेवटचा शब्द, असे मानू नका. शिक्षकांनी मुलांना यंत्रापुढे बसवण्याआधी एक उदाहरण पाटीवर सोडवायला लावावे आणि मग यंत्राच्या उत्तराशी ताडून पाहावे. जुळले नाही, तर चिन्ह कोणते, कंस कोठे, अपूर्णांक कोठे कापला, हे क्रमाने शोधावे. मी तर आता कोणतीही यादी फलकावर लावण्यापूर्वी त्यातली एकदोन नावे, आणि विशेषतः ज्यांचे नाव थोडक्यात हुकले आहे अशी नावे, हाताने सोडवून पाहतो. त्यासाठी पाठकोरा कागद पुरतो.